सहा चोक चोवीस

तासिलाक. ग्रीनलंडचा पूर्व किनारा, फेब्रुवारी त्र्याण्णव.
दवाखान्याच्या मागच्या खोलीत
एकिलाना एनोकच्या मनगटाचा एक्स-रे
मशिनीच्या काचेवर घालते.
कुत्री बुजली, स्लेज उलटली, पोरगा सतरा वर्षांचा.
हेलिकॉप्टर मागवायचं, की प्लास्टरवर भागेल,
हे डेन्मार्कातल्या स्काउरुप डॉक्टरांनी सांगायचं.

तार मात्र सातांचीच.
अक्षरं नेते, निरोप नेते, सातजणांना नीट बसवते,
आणि आठवा चढला की त्याला वाटेतच ढकलून देते.
चित्राला तर आठही लागतात.
मग आठव्याला टोपलीत घालून न्यायचं
पैलतीरी,
कुणाला पत्ता लागू न देता.

आठ त्रिक चोवीस.
सहा चोक चोवीस.
तीन घरं मोडून चार बांधायची,
प्रत्येकात बत्तीस मिळवायचे,
कारण बत्तीसच्या खाली राहणारे दिसत नाहीत:
एक नुसती घंटा वाजवतो,
एक पान सरकवतो,
एक म्हणतो, संपलं, उठा.

शून्याची तऱ्हा निराळी.
बत्तीस मिळवूनही ते कोरंच राहतं,
आणि ओळीच्या टोकाचं कोरं
वाटेतली यंत्रं चाटूनपुसून खातात.
म्हणून शून्याच्या कपाळी एक तिरकी रेघ,
की बाबांनो, इथे काही नाही,
पण ते नसणं मोजून पोचवा.

एनोकची आई ओलिना छापलेले कागद उलटते.
पानभर कंस, टक्के, उद्गार, तुटकी इंग्रजी अक्षरं.
"यात माझ्या पोराचा हात कुठे?"
एकिलाना बोट फिरवते.
तिरक्या रेघांच्या रांगाच रांगा: हा अंधार.
मग रेघा विरळ होतात, खुणांची गर्दी होते:
हे मांस.
आणि इथे, जिथे काहीच ओळखीचं उरत नाही,
तिथे हाड.

नऊ तुकडे रात्रभर गेले.
पहाटे पितेराक सुटला, हिमनदीवरून खाली कोसळणारा वारा,
आणि सकाळी डॉक्टरांचा फोन:
"मनगट आरपार तुटलंय. वरचं इकडे, खालचं तिकडे.
एवढं दिसत असताना मला विचारता कशाला?"

एकिलाना फिल्म दिव्यासमोर धरते.
आरपार काही नाही.
दोघं गप्प. तारेत वारा.
मग डॉक्टर हळूच म्हणतात,
"कोपऱ्यात शिशाचं अक्षर आहे ना, डाव्या हाताचं?
तेही तुटलंय. त्याच रेषेवर."

शिसं काही स्लेजवरून पडलं नव्हतं.

सहाव्या तुकड्यातली एक ओळ गेली होती,
पंचेचाळीस ठिपक्यांची,
आणि तिच्यामागचं सगळं जग
पंचेचाळीस ठिपके सरकून बसलं होतं.

ती कागदावर पट्टी ठेवते, वाचू लागते.
एकसष्ट खुणा.
"एम. तिरकी रेघ. तिरकी रेघ. पुन्हा तिरकी.
कंस, उघडणारा. नाही, उघडणारा! टक्के. सात."
पलीकडे डॉक्टर शाळकरी पोरासारखे उतरवून घेतात.
दोनदा वारा मध्ये बोलतो,
दोनदा ती ओळीच्या तोंडाशी परत येते.
मधेच खोकला येतो; डॉक्टर विचारतात,
"हे कोणतं चिन्ह?"

दुपारी उत्तर आलं.
अक्षर सांधलं, मनगट सांधलं.
अंगठ्याखालच्या छोट्या हाडात एक केसाएवढी चीर,
ती खरी.
प्लास्टर, दहा आठवडे. हेलिकॉप्टर नको.

एनोक कंटाळून प्लास्टरवर टकटक करतो.
"फोनवर इतका वेळ काय वाचत होतीस?"

ती कागदाची पाठ उलटते,
तिथे किराण्याची यादी लिहायला घेते.
"काही नाही. थोडं तुझं मनगट.
बाकी अंधार."